आज बोट नाही: अंदमानातले माझे १९ दिवस

पायांवरचे माश्या चावल्याचे डाग अजून गेलेले नाहीत, तोवर हे लिहून काढते. डाग गेले की तारखा आणि पैसेही डोक्यातून जातील, आणि मग उरेल फक्त ‘निळंशार पाणी’. निळ्याशार पाण्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मी निघण्याआधी महिनाभर शोधत होते. मराठीत जे सापडलं ते बहुतेक पाच रात्री-सहा दिवसांचं: सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील, परत. मला जायचं होतं लिटल अंदमानला, लाँग आयलंडला आणि जमलं तर उत्तरेला दिगलीपूरला. तेही एकटीने, पाठीवर सॅक टाकून, सरकारी बोटींनी. याबद्दल जे हाती लागलं ते तुटक होतं आणि त्यातलं निम्मं जुनं. वय ४१, पोहता येतं पण तलावात, आणि मला बोट लागते. म्हणजे धाडसी वगैरे मी नव्हे.

आधी परवान्याचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. भारतीयांना अंदमानच्या बेटांवर जायला परवाना लागत नाही. निकोबारला सहसा पर्यटक म्हणून जाता येत नाही. आणि आदिवासींसाठी राखीव असलेल्या भागात १९५६ च्या कायद्यानुसार बाहेरच्यांना प्रवेश नाही, तिथे घुसणं किंवा फोटो काढणं हा गुन्हा आहे. बाकी मोकळं आहे. अडतं ते तिकिटावर.

१६ जानेवारीला दुपारी विमान उतरलं. २०२४ च्या सप्टेंबरात शहराचं नाव श्री विजयपुरम झालंय, पण रिक्षावाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत मला भेटलेला प्रत्येक जण पोर्ट ब्लेअरच म्हणत होता, म्हणून मीही तेच लिहिते. हॅवलॉक आणि नीलचंही तसंच: कागदावर २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, तोंडात जुनीच नावं. तिकिटावर वेगळं नाव दिसलं तर घाबरू नका.

पहिल्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली नाही आणि मग रोज नडली. घड्याळ आपलंच असतं, पण आपण इतके पूर्वेला आलेले असतो की जानेवारीत सव्वापाचला सूर्य बुडतो. सहाला काळोख. ‘संध्याकाळी फिरायला जाऊ’ हे वाक्य विसरायचं. त्याउलट पहाटे पावणेसहाला लख्ख उजाडलेलं असतं, आणि इथले लोक त्याच हिशोबाने जगतात. चारला उठायचं, नऊला झोपायचं. तीन दिवसांत माझंही तेच झालं.

लॉजचं भाडं ११०० रुपये. रजिस्टरमध्ये ‘सोबत’ असा रकाना होता. मी रेघ मारली. काउंटरवरच्या मुलाने रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “पीछे से आ रहे हैं?” म्हटलं, कोणी येत नाहीये. तो म्हणाला, “अच्छा, ड्यूटी पर आई हो.” एकटी बाई बदलीवर येते किंवा शिक्षिका असते, हा इथला सरळ हिशोब. पुढच्या बेटांवरही लोकांनी मला शिक्षिका ठरवलं. दोनदा मी दुरुस्त केलं, नंतर सोडून दिलं.

१७ जानेवारी हा तिकिटाचा दिवस. बेटांमधल्या सरकारी बोटी फिनिक्स बे धक्क्यावरून सुटतात आणि तिकीटखिडक्याही तिथेच. ऑनलाइन बुकिंग आहे, पण हट बे (लिटल अंदमानचं बंदर) सारख्या मार्गाला बोट कुठल्या दिवशी जाणार हेच थोडे दिवस आधी ठरतं, म्हणून मी खिडकीचा मार्ग धरला. बोटींचं वेळापत्रक तिथल्या सरकारी दैनिकात, ‘द डेली टेलिग्राम्स’मध्ये छापून येतं. रेडिओवरही सांगतात. रोज सकाळी चहाबरोबर तो पेपर घ्यायची सवय मला लागली आणि त्यात मी बोटींशिवाय फारसं काही वाचलं नाही.

खिडकी उघडायच्या दीड तास आधी पोचले तर रांग होती, पण माणसं नव्हती. जमिनीवर एक हेल्मेट, एक नायलॉनची पिशवी, त्यामागे चपलेचा एक जोड, मग दुमडलेली छत्री. मालक मंडळी टपरीवर चहा पीत उभी. मी छत्रीमागे माझी पाण्याची बाटली ठेवली आणि त्यांच्यात जाऊन उभी राहिले. एका काकांनी सांगितलं की बेटावरच्या रहिवाशांचे दर वेगळे, आपले वेगळे, आणि बायकांची रांग असली तर ती आधी बघून घ्यायची.

माझा नंबर आला. आधार कार्ड पुढे केलं. “ज़ेरॉक्स?” माझ्याकडे मूळ कार्ड होतं, फोनमध्ये होतं, क्लाउडवर होतं. कागदावर नव्हतं. फॉर्मही भरलेला नव्हता, कारण तो आधी घेऊन भरायचा असतो हे मला माहीत नव्हतं. बाहेर जाऊन झेरॉक्स काढून, फॉर्म भरून, पुन्हा रांगेतून परत येईपर्यंत दुसऱ्या दिवशीची हट बेची बोट भरली होती. १९ तारखेचं तिकीट मिळालं. एका दोन रुपयांच्या कागदापायी एक दिवस गेला, आणि चूक शंभर टक्के माझी. त्याच टपरीवर मी आधारच्या १५ प्रती काढल्या. परत येताना पाच उरल्या होत्या. दहा कुठे लागल्या याचा हिशोब देऊ शकेन, इतक्या ठिकाणी लागल्या.

अठराला बसने चिडिया टापूला जाऊन आले. छान आहे. पण मी दिवसभर नकाशा उघडून उरलेल्या दिवसांची बेरीज-वजाबाकीच करत होते.

१९ जानेवारी. बोट सकाळी साडेसहाची, मी साडेपाचला धक्क्यावर. बोट लागू नये म्हणून अ‍ॅव्होमिनची गोळी तासभर आधी घेतली होती. हे महत्त्वाचं आहे: बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. पोर्ट ब्लेअर ते हट बे साधारण सात तास. पहिले दोन-अडीच तास उजव्या हाताला दक्षिण अंदमान आणि मग रटलंड बेट, त्यांच्या आडोशाला पाणी शांत. मी डेकवर मजेत होते. पोळीचा रोल खाल्ला. शेजारच्या बाई मात्र काहीच न खाता लिंबू धरून बसल्या होत्या, त्याचा अर्थ मला रटलंड संपल्यावर कळला. तिथून डंकन पॅसेजचं उघडं पाणी सुरू होतं आणि बोट पुढे-मागे नाही, आडवी डुलायला लागते. रोल गेला. त्यानंतरही जे नव्हतं ते गेलं. त्या बाईंनी न बोलता अर्धं लिंबू माझ्या हातात दिलं आणि बोटाने क्षितिज दाखवलं: तिकडे बघ, फोनकडे नको. मधेच सिस्टर्स आणि ब्रदर्स ही चिमुकली बेटं येतात. नजर रोवायला ती बरी पडली. खाली एसीत बसायला जागा असते, पण बोट लागणाऱ्यांनी तिथे जाऊ नये. वर, मधोमध, वाऱ्याला बसावं. आणि पिशव्या स्वतःच्या न्याव्यात, दोन नाही, चार.

हट बेच्या धक्क्यावर उतरले तेव्हा जमीन डुलत होती. रिक्षा करून एक खोली गाठली: ६०० रुपये, मच्छरदाणी, बाहेर विहीर. घर चालवणाऱ्या आजी बंगाली. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना अंदमानात वसवलं गेलं, त्यांतल्याच एका कुटुंबातल्या. त्यांना काय हाक मारू विचारलं तर म्हणाल्या, “माशी बोलो.” बंगालीत मावशीला माशी म्हणतात. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या खऱ्या माश्यांनी माझे पाय फोडले आणि माशींनी खोबरेल तेलात डेटॉल घालून दिलं, तेव्हा हा विनोद मला एकटीलाच कळत होता आणि सांगायला कोणी नव्हतं. एकटीने फिरण्यातली खरी अडचण ही. भीतीबिती नंतर.

त्या माश्यांबद्दल: त्या दिसत नाहीत इतक्या बारीक असतात. चावल्याचं त्याच दिवशी कळत नाही, दुसऱ्या रात्री खाज सुटते आणि आठवडाभर राहते. वाळूवर थेट बसायचं नाही. पहाटे आणि उन्हं कलल्यावर तेल लावल्याशिवाय किनाऱ्यावर जायचं नाही. खाजवायचं नाही, हे लिहिणं सोपं आहे.

लिटल अंदमानमध्ये रस्ता म्हणजे जवळपास एकच, हट बेहून उत्तरेकडे किनाऱ्याने जाणारा. त्यामुळे पत्ता किलोमीटरमध्ये सांगतात. नेताजीनगर म्हणजे ‘ग्यारह किलोमीटर’. बटलर बेचा किनारा ‘चौदा’. “चौदह जाना है?” असं रिक्षावाल्याने विचारलं तर गोंधळू नका. स्कूटर दिवसाला ५०० रुपयांनी मिळाली, पेट्रोल वेगळं. बटलर बेला मी सकाळी दोन तास होते आणि त्या दोन तासांत एक कुत्रा आणि लाटांवर फळी घेऊन उतरलेला एक पोरगा, एवढीच गर्दी. पोहायला मी कमरेपर्यंतच गेले. मगरींचे इशाऱ्याचे बोर्ड आहेत आणि ते शोभेला नाहीत. खाऱ्या पाण्यातली मगर खाडीच्या तोंडाशी येते, म्हणून ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथे पाण्यात जायचं नाही, आणि ‘आज ठीक है क्या’ हे तिथल्या माणसाला विचारूनच उतरायचं.

बेटाचा मोठा भाग जंगल आहे आणि ओंगे आदिवासींसाठी राखीव आहे. त्यांची संख्या शंभराच्या थोडी वर. रस्ता संपतो तिथून पुढे आपलं काही काम नाही.

माशींनी एका संध्याकाळी, म्हणजे पाच वाजता, आपणहून २६ डिसेंबर २००४ चं सांगितलं. सुनामी आली तेव्हा त्या चूल पेटवत होत्या. पाणी आधी मागे गेलं, इतकं की धक्क्याजवळ मासे तडफडताना दिसत होते आणि पोरं ते गोळा करायला धावली. एवढं बोलून त्या उठून आत गेल्या आणि तांदूळ निवडायला घेतला. मी पुढचं विचारलं नाही.

माझं परतीचं तिकीट २२ जानेवारीचं होतं. २१ च्या रात्री वारा सुटला. नारळाच्या झावळ्या पत्र्यावर घासत होत्या आणि मला वाटत होतं पाऊस पडतोय. सकाळी पाचला धक्क्यावर गेले. तिथे एक काळा फळा आहे. त्यावर कालची तारीख नीट न पुसता तिच्यावरच आजची लिहिलेली, आणि खाली खडूने एकच शब्द: ‘कैंसल’. ‘कैं’वरचा अनुस्वार इतका मोठा काढलेला की लिहिणाऱ्यालाही कंटाळा आला असावा. फळ्यासमोर साठ-सत्तर माणसं. कोणी चिडलं नाही. एका बाईच्या मांडीवर ताप आलेलं पोर होतं, तिला कोणीतरी हेलिकॉप्टरची चौकशी करायला सांगत होतं. आजाऱ्यांना आधी जागा देतात म्हणे. बाकीच्यांनी सामान उचललं आणि घरी गेले. जणू बस चुकली.

मला मात्र रडू आलं. खरंच आलं. २३ ला दिगलीपूरची बस, मग सॅडल पीक, मग रॉस आणि स्मिथ ही वाळूच्या पट्टीने जोडलेली जोडबेटं, सगळं एकाला एक बांधलेलं होतं. सॅडल पीक म्हणजे अख्ख्या द्वीपसमूहातलं सर्वांत उंच शिखर, ७३२ मीटर. त्यासाठी मी तीन महिने रोज जिने चढले होते. तेविसाव्या तारखेलाही फळ्यावर तोच शब्द.

त्या दोन दिवसांत मी काय केलं ते लिहिते, कारण तुमच्यावरही ही वेळ येऊ शकते. पहिलं काम तिकिटाचं. रद्द झालेल्या बोटीचं तिकीट टाकून द्यायचं नाही, खिडकीवर जाऊन पैसे परत घ्यायचे की पुढच्या बोटीवर जागा मिळते ते विचारायचं. मला चोविसाची मिळाली. दुसरं, पैसे. बेटावर एटीएम आहे, पण बोट अडकली की सगळेच तिकडे धावतात. समुद्राखालून इंटरनेटची केबल २०२० मध्ये आली असली तरी माझा फोन त्या दोन दिवसांत निम्मा वेळ मुका होता, म्हणजे यूपीआयही मुकं. माझ्याकडे सॅकच्या तळाशी ६००० रुपये रोख होते म्हणून निभावलं. बीएसएनएलचं सिम आधीच घेतलं असतं तर बरं झालं असतं. तिसरं, घरी कळवणं. ‘बोट रद्द, मी ठीक, परवा बोलू’ एवढा साधा एसएमएस पुरतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका टिकेकडे बघत बसू नका, तिकडचे लोकही त्या टिकेकडेच बघत असतात.

आणि चौथं, दिगलीपूर सोडून दिलं. कागदावर दोन दिवस ओढून-ताणून बसत होते, पण मग पुढे एकही सुटा दिवस उरत नव्हता. परतीचं विमान ३ फेब्रुवारीला. त्या खोलीत मच्छरदाणीत बसून मी यादीतून सॅडल पीक खोडलं आणि मग शांत झोप लागली. आता पुन्हा आखणी केली तर दर सरकारी बोटीमागे एक रिकामा दिवस धरेन. लिटल अंदमानसाठी दोन.

चोवीसला बोट निघाली. गोळी, लिंबू, उपाशी पोट. ओकले नाही. संध्याकाळी पोर्ट ब्लेअरला उतरले ती सॅकसकट थेट मोहनपुरा बस स्टँडवर गेले आणि लाँग आयलंडच्या वाटेवरच्या रंगतचं, पहाटेच्या बसचं तिकीट काढलं. तेही अडीचशेच्या आत.

या रस्त्याबद्दल मला जाण्याआधीपासून बरं वाटत नव्हतं. अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो भाग बंद करायचा आदेश दिला होता, तरी तो वाहतोय. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबतात, ठरलेल्या वेळी ताफा सुटतो, मधे थांबायचं नाही, फोटो नाही, खिडकीतून काही द्यायचं नाही. स्थानिक लोकांना दवाखान्यासाठी, बाजारासाठी हीच बस. मी एक बाजू बसने आणि परतीची समुद्राने असं ठरवलं, अर्धं मन राखून. खिडकीतून काय दिसलं ते मी लिहीत नाही.

जंगल संपल्यावर मिडल स्ट्रेटला बस तराफ्यासारख्या सपाट बोटीवर चढते आणि सगळे प्रवासी उतरून बसच्या आजूबाजूला उभे राहतात. समोर बारातांग. दुपारपर्यंत रंगत, तिथून येराटा धक्का, आणि येराट्याहून दुपारची लाँच लाँग आयलंडला. ही तासाभराची लाँच माझ्या मते सबंध प्रवासातला सर्वांत सुंदर तुकडा. दोन्ही बाजूंना खारफुटी, पाणी चहाच्या रंगाचं, आणि लाँच इतक्या जवळून जाते की फांद्यांवरचे खेकडे दिसतात. इथे बोट लागायचा प्रश्न नाही.

लाँग आयलंडवर मोटारींची वर्दळ नाही. सिमेंटच्या अरुंद पायवाटा, सायकली, नारळ-सुपारी, एक शाळा. खोली ५०० रुपये, जेवण सांगितलं तरच, आणि ते सकाळीच सांगायचं. मी पहिल्या रात्री सांगायला विसरले आणि बिस्किटांवर झोपले. पोलीस चौकीवर नोंद करून या, असं घरमालकाने सांगितलं. तिथे आधारची आणखी एक प्रत लागली.

दुसरा दिवस २६ जानेवारी. शाळेच्या मैदानावर झेंडा, मुलांची कवायत, बंगाली उच्चाराच्या हिंदीत भाषणं. मी मागे उभी होते, तर मुख्य पाहुण्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे म्हणून मला पुढे नेऊन बसवलं. ‘मेनलँड’हून आलेली शिक्षिका. मी नाही म्हणायचं सोडून दिलं होतंच. बुंदीचं पाकीट मिळालं. घरमालकाची सहा वर्षांची नात दिवसभर माझ्यामागे होती, तिने संध्याकाळी माझ्या मुठीत एक शंख कोंबला. शंख-शिंपले, प्रवाळ इथून न्यायचे नाहीत, हे मला पाठ होतं. तिला समजावणं जमेना. निघण्याआधी किनाऱ्यावर ठेवून देऊ म्हणून जॅकेटच्या खिशात टाकला.

सुट्टीच्या दिवशी खिडकी बंद होती. २७ ला सकाळी आधी धक्क्यावर जाऊन २९ चं हॅवलॉकचं तिकीट पक्कं केलं (रंगतहून येणारी बोट काही ठरावीक दिवशी लाँग आयलंड आणि हॅवलॉक करत पोर्ट ब्लेअरला जाते), मगच लालाजी बेला निघाले. वाट जंगलातून आहे, दीड-दोन तासांची. एकटीने जाऊ नका असं तिघांनी सांगितलं, म्हणून नारळ काढायला निघालेल्या दोघा जणांमागून गेले. वाटेत बोलणं शून्य. ते पुढे, मी मागे, पायांखाली ओल्या मुळ्या. मधेच त्यातला एक जण थांबला, वाकला, माझ्या घोट्यावरची जळू नखाने उचलून फेकली आणि पुन्हा चालू लागला. किनारा अचानक येतो. पांढरी वाळू, आडवे पडलेले ओंडके, आणि एकही माणूस नाही. तासभर बसले. चादर अंथरून, वाळूवर नव्हे. येताना डुंगीने आले. डुंगी म्हणजे मोटर लावलेली लाकडी होडी. भाडं आधी ठरवा आणि परत न्यायला कधी येणार तेही, कारण फोन लागत नाही आणि ओहोटीला होडी किनाऱ्याला टेकत नाही. माझ्या डुंगीपर्यंत छातीएवढ्या पाण्यातून जावं लागलं. सॅक डोक्यावर. फोन आणि आधार दुहेरी प्लॅस्टिकमध्ये, म्हणून वाचले.

हॅवलॉक आणि नीलबद्दल थोडक्यात आवरते, त्यावर भरपूर माहिती आहे. लाँग आयलंडहून हॅवलॉकला उतरणं म्हणजे गावच्या एसटीतून मॉलमध्ये उतरणं. खोली एकदम १५००. राधानगरचा किनारा गर्दीतही देखणा आहे, हे कबूल. नीलवर लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर अशी नावं. नैसर्गिक पुलापाशी जायचं तर ओहोटीची वेळ आधी विचारून जा. भरतीत मी एकदा फुकट गेले. हॅवलॉक-नील-पोर्ट ब्लेअर या पट्ट्यात खासगी क्रूझ भरपूर आहेत. सरकारी बोटीचं तिकीट साधारण त्यांच्या तिसऱ्या हिश्शात पडतं, पण हाती विमान पकडायचं असेल तर पैशांकडे बघू नका, जी आधीची मिळेल ती घ्या. मी २ फेब्रुवारीला दुपारी पोचले, म्हणजे विमानाच्या आधी एक रात्र हातात.

त्या संध्याकाळी सेल्युलर जेल. सात पाकळ्यांपैकी तीनच उरल्या आहेत. आपल्याकडचे लोक त्या एका कोठडीपुढे रांगेत होते, मीही होते. बाहेर आल्यावर समुद्र दिसला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून बोट कधीची आहे हा विचार आला नाही.

खर्च: विमान सोडून १९ दिवसांचे ३१,४०० रुपये. त्यात पाच सरकारी बोटी मिळून तीन हजारांच्या आत, स्कूटर आणि पेट्रोल साडेतीन हजार, डुंगी १२००, बाकी राहणं-खाणं. हॅवलॉकच्या तीन रात्रींनी हिशोब बिघडवला. त्या वगळल्या असत्या तर पंचविसाच्या आसपास भागलं असतं. औषधांत अ‍ॅव्होमिन, ओआरएस आणि खाजेचं मलम हे तीनच लागले. बाकीची पिशवी जशीच्या तशी परत आली.

तीनला सकाळी विमानतळावर सामान तपासणीतून गेलं. जॅकेट ट्रेमध्ये होतं. मशीनमागच्या माणसाने ते उचललं, खिसा चाचपला आणि शंख बाहेर काढून माझ्यासमोर धरला. मी तो पार विसरले होते. “लाँग आयलंडच्या एका मुलीने दिला,” म्हटलं. “सब को बच्चे ही देते हैं, मॅडम,” तो म्हणाला आणि त्याने शंख टेबलाखालच्या खोक्यात टाकला. खोकं अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं.